‘आपलं काम गेटपर्यंत’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी तुरुंगात गुरुजी होतो. कैदी नाही हो, पगारी गुरुजी. कारागृह खात्यात अशी पोस्ट असते हे लोकांना माहीतच नसतं, लग्नाकार्यात कोणी विचारलं काय करता आणि मी म्हटलं जेलमध्ये शिक्षक, की समोरचा आधी हसतो आणि मग हळूच जरा बाजूला सरकतो. काम काय, तर अंगठेबहाद्दरांना सही शिकवायची, लायब्ररीच्या कपाटाची किल्ली सांभाळायची, मुक्त विद्यापीठाचे फॉर्म भरायचे आणि घरी पाठवायची पत्रं लिहून द्यायची. २४ वर्षं केलं, राज्यातल्या तीन कारागृहांत, नावं सांगत नाही. रिटायर होऊन चार वर्षं झाली.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तुमच्याच पेपरातलं वाचकांच्या प्रतिक्रियांचं पान. लहान मुलीवर अत्याचाराची बातमी आली की दोन-तीन दिवस ते पान एकाच सुरात असतं, फाशी द्या, चौकात द्या, आमच्या ताब्यात द्या, महाराजांच्या काळासारखा चौरंग करा. राग मला कळतो, मला दोन नाती आहेत. पण चौरंगाचं म्हणाल तर बाईवर अत्याचार केलेल्या रांझ्याच्या पाटलाबद्दलचं महाराजांचं ते १६४६ चं पत्र लोकांनी पूर्ण वाचावं असं वाटतं, कारण शिक्षेच्या पुढेही त्यात मजकूर आहे. हातपाय तोडल्यावर त्याच्याच गोतातला सोनजी गुजर पुढे आला, त्याने त्या माणसाला आपल्या ताब्यात घेतलं आणि पाटीलकी सोनजीकडे गेली. म्हणजे त्या काळातसुद्धा शिक्षा झाल्यावर हा माणूस आता कोणाच्या जबाबदारीवर राहणार हे कागदावर लिहिलेलं होतं. आज आपल्याकडे तेवढंही नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं पत्र म्हणजे त्याचा खुलासा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. लोकांना वाटतं पकडला म्हणजे गेला कायमचा आत. तसं नसतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोक्सोत (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा) सगळ्यात गंभीर गुन्ह्याला किमान २० वर्षं आणि पार फाशीपर्यंत शिक्षा आहे हे खरं, पण त्याच कायद्यातलं कलम ८ बघा, वाईट हेतूने अंगाला हात लावणं, ३ ते ५ वर्षं. कलम १० बघा, तेच घरच्याने केलं किंवा मूल बारा वर्षांखालचं असलं तर, ५ ते ७ वर्षं. त्यातून कच्च्या कैदेचे (निकालाआधी आत काढलेले) दिवस वजा, माफीचे दिवस वजा. शिवाय घरातलीच केस असली की आई फितूर होते, मुलीला आजोळी पाठवतात आणि तो निर्दोष सुटतो. आणि केस घरातली किंवा ओळखीतलीच असते जवळजवळ नेहमी, एनसीआरबीचे (गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्राची संस्था) आकडे वर्षानुवर्षं सांगतात की नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो, काका, मामा, शेजारी, क्लासवाला, रिक्षावाला. म्हणजे फाशी कितीही मागा, यातले बहुतेक लोक आज ना उद्या बाहेर येणार आहेत आणि येतात ते आपल्याच गल्लीत.

कोविडच्या आदल्या वर्षीची गोष्ट. एक जण सुटायचा होता, कलम १०, पाच वर्षं, वय पंचेचाळीसच्या आसपास, शिवणकामाच्या कारखान्यात कैद्यांचे कपडे शिवायचा. वाचायला माझ्याकडेच शिकला. सुटकेच्या सकाळी गेटवर रजिस्टरात सही घेतात, कामाच्या मजुरीचे पैसे मोजून देतात, आत येताना जमा केलेल्या वस्तू परत देतात. त्याच्या पिशवीत बेल्ट, पाकीट आणि एक साधा बटणांचा मोबाइल होता, तो हातात उलटसुलट करत मला म्हणाला, गुरुजी, हा चार्ज होईल का हो अजून. मी म्हटलं होईल. मग विचारलं, कुठं जाणार. म्हणाला घरी, अजून कुठं. घर म्हणजे दोन खोल्या, एकीत म्हातारी आई आणि हा, दुसरीत भाऊ, वहिनी आणि तीच पुतणी जिच्यामुळे हा आत आला. चुकलं बघा, मीसुद्धा तसंच लिहितोय. जिच्यामुळे नाही, जिच्यावर ह्याने हात टाकला म्हणून आत आला. तेव्हा ती ९ वर्षांची होती, आता १४ ची झाली होती. मी धावत आत गेलो, साहेबांना सांगितलं की हा त्याच घरात चाललाय, कोणाला तरी कळवायला नको का, त्या मुलीच्या आईला तरी. साहेब माणूस चांगला, मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, गुरुजी, आपलं काम गेटपर्यंत. त्यांचंही खोटं नव्हतं, त्यांच्याकडे भरायला तसा फॉर्मच नव्हता. चहा पिऊन बाहेर आलो तर तो एसटी स्टँडकडे निघून गेलेला.

सात-आठ महिन्यांनी त्याचा फोन आला, बहुतेक त्याच मोबाइलवरून. खुशाली विचारली, शिवणाचं मशीन घेतलंय म्हणाला. भावाचं विचारलं तर म्हणाला, ते लोक गेले दुसऱ्या गावाला, भाड्याने राहतात. घर आईच्या नावावर होतं ना. म्हणजे गुन्हा केला तो घरात राहिला आणि मुलीला शाळा, मैत्रिणी, घर सगळं सोडून जावं लागलं. त्या कुटुंबाने एकट्याने केलेली ही सुरक्षेची व्यवस्था, आपल्या राज्यात दुसरी नव्हती.

आता त्या पाच वर्षांत त्याच्यावर काय काम झालं ते सांगतो. शिवण शिकला, वाचन शिकला, गणपतीत आरत्या म्हणाला, एकदा ध्यानाच्या शिबिराला बसला. पण एकदाही कोणी त्याच्यासमोर बसून विचारलं नाही की बाबा, हे तू कसं केलंस, सुरुवात कधी झाली, आधी मनात काय यायचं, त्या दिवशी घरात कोण नव्हतं, नंतर स्वतःला काय सांगितलंस. मीही विचारलं नाही. जेलमध्ये तो विषयच निघत नाही कारण बराकीत ३७६ वाला (जुन्या दंडविधानातलं बलात्काराचं कलम) आणि पोक्सोवाला सगळ्यात खालचा, खुनाच्या केसवालेसुद्धा त्यांना जवळ बसू देत नाहीत, मारही खातात. नवीन न्याय संहितेत कलमांचे नंबर बदलले तरी ३७६ वाला हे नाव काही गेलं नाही म्हणतात. म्हणून हे लोक केस लपवतात, कोणी हाफ मर्डर सांगतो, कोणी चारसोबीस. पाच-सात वर्षं एक माणूस आपण काय केलं हे लपवण्याची रोज प्रॅक्टिस करतो आणि मग आपण त्याला घरी सोडतो. फर्लोवर वगैरे थोडं बाहेर राहून बघायची सोय इतरांना असते, बलात्काराच्या केसवाल्यांना नियमाने तीही नाही, ते बरोबरच वाटतं ऐकायला, पण त्याचा अर्थ असा की त्यांचं बाहेरचं पहिलं पाऊल हेच शेवटचं, मध्ये पायरी नाही.

रिटायर झाल्यावर मोकळा वेळ होता, इंटरनेटवर वाचत बसायचो की बाकीचे देश काय करतात. पहिला धक्का मला बसला तो माणूस ओळखण्याच्या बाबतीत. मी २४ वर्षं समजत होतो की जो रडतो, पश्चात्ताप सांगतो, तो सुधारला आणि जो ‘मला अडकवलं’ म्हणतो तो डेंजर. कॅनडाच्या कार्ल हॅन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हजारो गुन्हेगारांच्या पुढच्या आयुष्याचे अभ्यास एकत्र करून बघितले तर कबुली, पश्चात्ताप, पीडितेबद्दलची हळहळ, याचा आणि पुढे पुन्हा गुन्हा करण्याचा संबंध फारच थोडा निघाला. मग कशाचा निघाला? आधी असे किती गुन्हे, सुटताना वय किती, कधी कोणाबरोबर दोन वर्षं तरी संसार केलाय का, बळी नात्यातला की परका, मुलगा होता का, इतर मारामारीच्या केसेस आहेत का, अशा कोरड्या गोष्टींचा. हॅन्सन आणि डेव्हिड थॉर्नटन यांनी १९९९ मध्ये असल्या १० मुद्द्यांची एक मोजपट्टी केली, स्टॅटिक-९९ नावाची, त्यात रडण्याला मार्क नाहीत. माझ्या रडणाऱ्या विद्यार्थ्यांची मला आठवण झाली, काय सांगू.

पण ही दहा मुद्द्यांची पट्टी भूतकाळ मोजते, तो काही बदलत नाही. म्हणून तिच्याबरोबर दुसरी यादी असते, बदलणाऱ्या गोष्टींची. दारू सुरू झाली का, काम सुटलं का, एकटा पडलाय का, राग कुठे काढतो, लहान मुलांच्या आसपास जायला कारणं शोधतोय का, भेटायला बोलावलं की टाळतो का. ही यादी तिकडे प्रोबेशनवाला, म्हणजे सुटलेल्यांवर देखरेख ठेवणारा अधिकारी, दर भेटीत तपासतो. तिकडच्या पट्ट्या जशाच्या तशा इकडे चालणार नाहीत हेही सांगतो, त्या त्यांच्या माणसांवर, त्यांच्या कोर्टांच्या रेकॉर्डवर बनल्यात. आपल्याकडे घरातल्या फारच थोड्या गोष्टी पोलिसात जातात, मग ‘आधीचे गुन्हे शून्य’ याचा अर्थ काय लावायचा? पण त्यासाठी आपली पट्टी आपण करायची, मोजायचंच नाही हा उपाय नाही. आणि मोजल्याचा फायदा फक्त कडक होण्यात नाही, कमी रिस्कवाला आणि जास्त रिस्कवाला वेगळे केले तर जो थोडा पैसा आणि माणूसबळ आहे ते योग्य माणसामागे लावता येतं. आज सगळ्यांना एकच माप, म्हणजे कोणालाच नाही.

ट्रीटमेंटबद्दल मी भाबडा नाही. इंग्लंडचं उदाहरण मुद्दाम देतो कारण ते फसलेलं आहे. तिथे १९९२ पासून तुरुंगात अशा गुन्हेगारांचा मोठा ग्रुप-कार्यक्रम चालायचा, गोल करून बसवायचे, गुन्हा पुन्हा पुन्हा बोलून घ्यायचा, पीडितेच्या जागी स्वतःला कल्पायला लावायचं. २५ वर्षं चाललं, सगळे खूश. २०१७ मध्ये सरकारनेच रिपोर्ट छापला की कार्यक्रम केलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला आणि न केलेल्यांपैकी ८ टक्क्यांनी. म्हणजे फायदा सोडाच, उलटा आकडा. त्यांनी कार्यक्रम बंद केला आणि नवीन आणला. मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी मोजलं आणि पेपरात छापलं, आपल्याकडे शिबिराचा फोटो छापतात. दुसऱ्या बाजूला २०१९ मध्ये अनेक देशांतल्या कार्यक्रमांचा एकत्र हिशोब आला, त्यात ट्रीटमेंट घेतलेल्यांत ९.५ टक्के आणि न घेतलेल्यांत १४.१ टक्के असा फरक दिसला, आणि जिथे शिकलेला मानसशास्त्रज्ञ स्वतः कायम हजर होता तिथे परिणाम चांगला. म्हणजे चालतं, पण कसंही केलेलं चालत नाही, दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलेल्या गुरुजीकडून (म्हणजे माझ्यासारख्याकडून) करून घेतलं तर इंग्लंडसारखं होईल.

आणि ते इंजेक्शन देऊन नपुंसक करा म्हणणारे, त्यांनाही सांगतो. औषधं आहेत, वासना कमी करणारी, काही थोड्या लोकांना डॉक्टर देतातही, त्याच्या संमतीने, हाडं ठिसूळ होतात म्हणून तपासण्या करत करत आणि बोलण्याच्या ट्रीटमेंटबरोबर. पण सगळ्यांना सक्तीने टोचायचं हे न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ च्या रिपोर्टातच नाकारलं. बरं, पुतणीवर हात टाकणारा प्रत्येक जण काही लहान मुलांच्याच आकर्षणाने पछाडलेला नसतो, बऱ्याच जणांत ते असतं सत्ता, दारू, ‘माझं कोण काय वाकडं करणार’ आणि ‘पोरगी कोणाला सांगणार’ हा हिशोब. त्याला इंजेक्शन काय करणार.

मग लोक म्हणतात यादी लावा, नावं जाहीर करा. यादी आहे आपल्याकडे. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राने लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस सुरू केला, सुरुवातीलाच ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. तो फक्त पोलिस बघू शकतात आणि माझ्या मते ते ठीक आहे. ज्यांना सगळं जाहीर हवं त्यांनी अमेरिकेचं वाचावं. तिथे १९९६ पासून नावं, फोटो, पत्ते उघड. फ्लोरिडात मायामीला नियम काढला की असा माणूस शाळा वगैरेपासून २,५०० फुटांच्या आत राहू शकत नाही, शहरात तशी जागाच उरली नाही, तर हे लोक खाडीवरच्या एका पुलाखाली तंबू ठोकून राहायला लागले आणि तुमचा पत्ता काय तर पूल, हे सरकारी कागदावर. ज्याला घर नाही, काम नाही, कोणी बोलत नाही, तो माणूस जास्त धोकादायक की कमी? वर मी जी बदलणाऱ्या गोष्टींची यादी सांगितली ती आठवा, त्यातल्या निम्म्या गोष्टी आपण स्वतःच त्याला बहाल करतो. आणि आपल्याकडे यादी जाहीर केली तर अजून एक होईल, बापाचं नाव छापलं की मुलीचं नाव छापल्यासारखंच. पोक्सोत पीडितेची ओळख लपवायची म्हणून एवढी काळजी घेतलीय ती फुकट.

मला जे पटलं ते कॅनडाचं. १९९४ साली ओंटारिओमधल्या हॅमिल्टन शहरात लहान मुलांवर वारंवार अत्याचार केलेला एक जण पूर्ण शिक्षा भोगून बाहेर आला, पूर्ण शिक्षा झाल्यामुळे त्याच्यावर कायद्याची देखरेखही नव्हती. गावात पोस्टर, मोर्चे, पोलिसांची गाडी दारात. हॅरी नाय नावाच्या तिथल्या एका पाद्रीने आपल्या चर्चमधली चार-पाच माणसं जमवली आणि त्याच्याभोवती एक कडं केलं. रोज कोणीतरी एक जण त्याला भेटणार किंवा फोन करणार, बाजारात बरोबर जाणार, दवाखान्यात नेणार, आणि त्याच वेळी तोंडावर विचारणार, काल तू त्या शाळेच्या रस्त्याने का गेलास, आणि उत्तर पटलं नाही तर पोलिसांना सांगणार, हे त्याला आधीच माहीत. माया आणि पहारा एकाच माणसांकडे. त्याने पुन्हा तसा गुन्हा केला नाही. हे मॉडेल मग ब्रिटन, अमेरिकेत गेलं, तिथल्या अभ्यासांतही पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण कमी दिसलं. सोनजी गुजर आठवतो की नाही?

आपल्याकडे हे जमेल का, तर मला वाटतं आपल्या गावांत, चाळींत अशी कडी आपोआप होतात, फक्त उलट्या दिशेची. घर मिळून गुन्हा झाकायला कडं करतं. ‘आपल्याच घरातलं आहे, बोभाटा नको.’ आज्जी मुलीला सांगते काकाच्या खोलीत जाऊ नकोस, म्हणजे आज्जीला माहीत असतं, पण काकाला कोणी काही विचारत नाही. हीच आज्जी, हाच थोरला भाऊ, जर कोणीतरी शिकवलेलं असेल की काय विचारायचं, काय बघायचं आणि कुठे फोन करायचा, तर पहारा तिथेच आहे. ‘प्रयास’सारखी संस्था, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची, १९९० पासून मुंबईत तुरुंगात जाऊन कैद्यांबरोबर आणि सुटलेल्यांबरोबर काम करतेय, म्हणजे गेटच्या दोन्ही बाजूंना चालणारे समाजकार्यकर्ते ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. फक्त या केसवाल्यांसाठी ती कोणी मागत नाही, कारण मागितली की तुम्ही त्यांची बाजू घेता म्हणतात. मलाही म्हणतील. म्हणोत.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त छळते. गुन्हा होण्याच्या आधीची. दीड-दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा माझ्याकडे आला, २६ वर्षांचा, चांगल्या नोकरीत. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलला, चहा गार झाला, मग म्हणाला काका, तुम्ही जेलमध्ये होता म्हणून विचारतो. त्याच्या मनात लहान मुलांबद्दल नको ते विचार येतात, त्याने काही केलेलं नाही, कुठल्या मुलाला कधी हातही लावलेला नाही, उलट भाच्याच्या वाढदिवसाला जात नाही, बहीण रागावते, लग्नसमारंभ टाळतो. मरून जावंसं वाटतं म्हणाला. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, टेबलक्लॉथचा धागा ओढत होता, पार एक वीत धागा निघाला. मी त्याला एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दहा मिनिटं ऐकलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, लग्न लावून द्या, सगळं जागेवर येईल. दुसऱ्याकडे नेलं, ते चांगले होते पण घाबरले, म्हणाले पोक्सोच्या कलम १९ मध्ये गुन्हा होण्याची नुसती शंका असली तरी कळवायचं आहे, मग मी याला पेशंट म्हणून घेऊ की पोलिसांना फोन करू, मलाच कळत नाही.

कलम १९ बद्दल गैरसमज नको. गुन्हा झालाय हे कळलं की कळवलंच पाहिजे, तिथे माझी काही तक्रार नाही, गप्प बसणाऱ्या शाळा आणि गप्प बसणारी घरं यांच्यासाठीच ते कलम आहे. पण ज्याने काहीच केलं नाही आणि करू नये म्हणून मदत मागायला आलाय त्याच्यासाठी दार कुठलं? बर्लिनच्या शारिते हॉस्पिटलने २००५ मध्ये असं दार उघडलं. जाहिराती केल्या, की तुम्हाला मुलांबद्दल असं वाटत असेल आणि तुम्हाला गुन्हेगार व्हायचं नसेल तर या, फुकट, नाव गुप्त. तिथल्या कायद्यात डॉक्टर गुप्तता पाळू शकतो, म्हणून लोक आले. आणि ऐकून आश्चर्य वाटेल, त्याच शारितेबरोबर पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलच्या रिसर्च सेंटरने आपल्याकडेही असा कार्यक्रम काढला, तेव्हा ‘पुण्यात असलं काही असतं का’ म्हणून लोकांच्या भुवया वर गेल्या होत्या. एक पुणे. आणि गडचिरोलीतला, परभणीतला, कुडाळचा मुलगा कुठे जाणार? तो गुपचूप मोबाइलवर नको ते शोधत जाणार, अजून अजून खोल, आणि एक दिवस भाच्याला सांभाळायची वेळ त्याच्यावर येणार. आपल्याकडे प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, निदान तिथे तरी या कामासाठी एकेक शिकलेला माणूस बसवा आणि कलम १९ च्या बाबतीत डॉक्टरांना स्पष्ट सांगणारा एक कागद काढा. माझ्या सहकाऱ्याच्या मुलाचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही, तो हे वाचेल. बरा आहे.

मुलांनी मुलांवर केलेल्या गोष्टींचंही तेच. आठवी-नववीतला मुलगा पाच वर्षांच्या चुलत भावाबरोबर काहीतरी करतो, पकडला जातो, बाल न्याय मंडळापुढे जातो, निरीक्षणगृहात काही महिने राहतो आणि बाहेर येतो. अशा मुलांपैकी फारच थोडी मोठेपणी पुन्हा तसं करतात असं जगभरचे अभ्यास सांगतात, त्यात घरच्यांना बरोबर घेऊन काम केलं तर अजून बरं. म्हणजे सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फायदा होणारी जागा हीच, आणि आपण तिथे वर्तमानपत्रातून ‘अल्पवयीन नराधम’ छापतो. रागावू नका, तुमच्याकडेही छापलाय.

बदलापूरबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांच्या दोन मुली, शाळेतला कंत्राटी सफाई कामगार आरोपी, पालकांना तक्रार नोंदवायला ताटकळत बसवलं, मग लोकांनी दिवसभर रेल्वे अडवली. सप्टेंबरात तो आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, कुठे कुठे पेढे वाटले. मधल्या काळात सरकारने शाळांना जीआर काढला, सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी. चांगलंच आहे. पण चारित्र्य पडताळणीत पोलिस काय देतात, तर या इसमावर गुन्हा नोंद नाही. ज्याच्यावर कधी कोणी तक्रारच केली नाही त्याचं सर्टिफिकेट स्वच्छच येणार. २०१३ चं मुंबईतलं शक्ती मिल आठवा, ऑगस्टमध्ये फोटोग्राफर मुलीवरच्या सामूहिक बलात्काराची केस उघड झाली आणि तिच्यानंतर दुसरी मुलगी पुढे आली की त्याच जागी जुलैमध्ये तिच्यावरही झालं होतं. तोपर्यंत त्या जुलैच्या गुन्ह्याची तक्रारच नव्हती, मग तो कुठल्या सर्टिफिकेटात दिसला असता? सर्टिफिकेटबरोबर दुसरं पाहिजे, एकट्या माणसाने एकट्या लहान मुलीला बाथरूमला न्यायचंच नाही असा साधा नियम, आणि तो पाळला जातो का बघणारी एक कडक बाई. त्याला जीआर लागत नाही. आणि गोळी घालून आपण एक गोष्ट कायमची घालवली, त्या माणसाला शिकलेल्या माणसाने समोर बसवून विचारलं असतं की आधी कुठे कुठे काम केलंस आणि तिथे काय झालं, तर कदाचित अजून दोन-चार घरांना आपल्या मुलीला जवळ घेऊन बसायचं कारण कळलं असतं. आता ते कोण सांगणार. कोर्टात काही सिद्ध झालं नाही आणि आता होणारही नाही.

मग मागणी काय म्हणाल तर फार मोठी नाही. पोक्सो आणि बलात्काराच्या प्रत्येक पक्क्या कैद्याचं आत आल्यावर एकदा आणि सुटण्याआधी सहा महिने एकदा, नीट शिकलेल्या माणसाकडून मूल्यमापन. जास्त रिस्कवाल्यांसाठी आतच ट्रीटमेंट, वेगळ्या बराकीत, म्हणजे केस लपवायची गरज नको, आणि दर काही वर्षांनी इंग्लंडसारखा हिशोब, फसलं तर बंद करण्याच्या तयारीने. सुटायच्या आधी एक फोन, पीडित मुलीच्या घरी, की अमुक तारखेला सुटतोय, तुमची काय व्यवस्था आहे, आणि तो त्याच घरात जाणार असेल तर त्याने दुसरीकडे राहायचं, मुलीने नाही. पैसा कुठून आणायचा विचाराल तर महिला-मुलांवरच्या अत्याचाराविरुद्धच्या राज्याच्या शक्ती कायद्यासाठी विधिमंडळात जेवढे तास भाषणं झाली, २०२१ मध्ये तो पासही झाला आणि राष्ट्रपतींच्या संमतीवाचून अडकला, तेवढ्या तासांत चार मानसशास्त्रज्ञांची भरती निघाली असती. असो, चिडून लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

आणि एक विनंती तुम्हाला, कारण ती तुमच्या हातात आहे. आत्महत्येच्या बातमीखाली हल्ली तुम्ही चौकट करून हेल्पलाइन देता, टेलिमानस १४४१६. तशीच लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या बातमीखाली मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ छापत चला, रोज, बातमी चार ओळींची असली तरी. आणि १४४१६ वर बसणाऱ्या मुलामुलींना कोणी शिकवलंय का ते तुमच्या एखाद्या बातमीदाराला विचारून यायला सांगा, की समोरून असा एखादा टेबलक्लॉथचा धागा ओढणारा बोलायला लागला, आणि म्हणाला मी काही केलेलं नाही पण मला भीती वाटते, तर पहिलं वाक्य काय बोलायचं, म्हणजे तो फोन ठेवणार नाही. शिकवलेलं असेल तर तो नंबर त्या लोकांसाठीही छापा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त कारागृह गुरुजी
(नाव-गाव छापू नये ही विनंती, त्या मुलीचं गाव जवळच आहे.)